मॉनिटरचा स्टँड कोणत्या खान्यात? आयातीच्या धंद्यात उतरणाऱ्या तरुणांनी वाचावे असे सीमाशुल्काचे पुस्तक

उल्हासनगर कॅम्प १ पासून शहाड स्टेशनपर्यंतच्या रस्त्यावर मोबाईल आणि कॉम्प्युटर दुरुस्तीची दुकाने चालवणाऱ्यांमध्ये आपले तरुण बरेच आहेत. स्क्रीन, टेम्पर्ड ग्लास, मॉनिटरचे स्टँड, केबल हा त्यांचा रोजचा माल. तो लॅमिंग्टन रोड किंवा मनीष मार्केटमधून येतो आणि तिथे येण्याआधी बहुतेक वेळा चीनमधून न्हावा शेवा बंदरात किंवा सहारच्या एअर कार्गोला उतरलेला असतो. हल्ली चार पैसे जमले की यातले काही जण थेट आयात करू पाहतात. पुरवठादार व्हॉट्सॲपवर भाव देतो, वाहतूकवाला पेटीचा दर सांगतो. पण त्या पेटीतल्या वस्तूला कायदा काय म्हणतो, हा प्रश्न कोणी विचारत नाही. कागदावर आठ आकडे कोणीतरी लिहितो आणि आपला मुलगा खाली सही करतो.

त्या आठ आकड्यांविषयी हा लेख आहे. विषय रुक्ष वाटेल, पण या आकड्यांवरून कर ठरतो, परवाना ठरतो आणि उद्या नोटीस आली तर जबाबदारी कोणाची हेही ठरते.

हे पुस्तक कुठले?

भारतात आयात मालावर किती शुल्क लागेल हे सीमाशुल्क दर अधिनियम, १९७५ च्या पहिल्या अनुसूचीत दिलेले आहे. या अनुसूचीची मांडणी एका जागतिक यादीवर बेतलेली आहे. ब्रुसेल्समधील जागतिक सीमाशुल्क संघटना ही यादी ठेवते आणि साधारण दर पाच वर्षांनी ती सुधारते. १ जानेवारी १९८८ पासून ही पद्धत जगभर लागू झाली. भारताने आपली अनुसूची त्याआधीच, १९८६ मध्ये, तिच्याशी जुळवून घेतली होती.

आकडे असे वाचायचे: पहिले दोन अंक म्हणजे प्रकरण. चार अंक म्हणजे शीर्ष. सहा अंक म्हणजे उपशीर्ष. इथपर्यंत आकडे जगभर सारखेच असतात. शेवटचे दोन अंक भारताचे स्वतःचे. दुकानाच्या बिलावर जीएसटीसाठी जो एचएसएन क्रमांक छापता, तो याच यादीतून आलेला आहे. म्हणजे हे पुस्तक आपल्या हातात रोज असते, फक्त आपण ते उघडून पाहत नाही.

मॉनिटर हा 'कॉम्प्युटर' नाही

बोलताना आपण मॉनिटर, कीबोर्ड, माऊस, सीपीयू या सगळ्याला मिळून कॉम्प्युटर म्हणतो. पुस्तक तसे म्हणत नाही. शीर्ष ८४७१ हे 'स्वयंचलित माहिती प्रक्रिया यंत्रे' म्हणजे कॉम्प्युटरचे. कीबोर्ड आणि माऊस सुटे आले तरी ८४७१ मध्येच बसतात. मॉनिटर मात्र बसत नाही. ८४व्या प्रकरणाच्या टिपांमध्येच लिहिले आहे की मॉनिटर आणि प्रोजेक्टर स्वतंत्रपणे आणले असतील तर ते ८४७१ मध्ये धरायचे नाहीत. त्यांची जागा शीर्ष ८५२८, टीव्हीच्या शेजारी. कॉम्प्युटरला थेट जोडता येणारे आणि कॉम्प्युटरसोबत वापरण्यासाठीच घडवलेले मॉनिटर त्याच शीर्षात वेगळ्या उपशीर्षांमध्ये ठेवले आहेत.

मॉनिटर आणि टीव्ही यांच्यातली रेघ कुठे ओढायची, यावर मोठमोठे देशही भांडले आहेत. १९९६ मध्ये सिंगापूरला माहिती तंत्रज्ञानाच्या वस्तूंवरील शुल्क रद्द करण्याचा करार झाला. भारतही १९९७ मध्ये त्यात सामील झाला. पुढे कॉम्प्युटरखेरीज इतर उपकरणांनाही जोडता येणारे सपाट मॉनिटर बाजारात आले. युरोपीय संघाने त्यातल्या काहींना व्हिडिओ मॉनिटर ठरवून १४ टक्के शुल्क लावले. अमेरिका, जपान आणि तैवान या प्रश्नावर जागतिक व्यापार संघटनेत गेले आणि २०१० मध्ये निकाल युरोपच्या विरोधात लागला. मागच्या बाजूला एक जास्तीचे सॉकेट असणे किंवा नसणे, एवढ्यावरून हा तंटा इतका लांब गेला.

'भाग' वेगळा, 'ॲक्सेसरी' वेगळी

आता दुकानातल्या खऱ्या मालाकडे येऊ. इथे सर्वांत जास्त गफलत होते.

शीर्ष ८४७३ मध्ये कॉम्प्युटरचे 'भाग आणि ॲक्सेसरी' दोन्ही येतात. त्यातून कव्हर, बॅग आणि तत्सम वस्तू मुद्दाम वगळल्या आहेत. मॉनिटर ८५२८ मध्ये गेल्यामुळे त्याच्या सुट्या भागांसाठी शीर्ष ८५२९ पाहावे लागते आणि तिथले शब्द वेगळे आहेत. तिथे फक्त 'भाग' लिहिले आहे, 'ॲक्सेसरी' हा शब्दच नाही. शिवाय तो भाग केवळ किंवा मुख्यत्वे त्या शीर्षांतल्या उपकरणांसाठीच वापरण्याजोगा असला पाहिजे.

भाग म्हणजे ज्याच्याविना ते यंत्र पुरे होत नाही. ॲक्सेसरी म्हणजे यंत्र पुरे असतानाही सोयीसाठी जोडलेली वस्तू. विशिष्ट मॉडेलसाठी घडवलेली पुढची चौकट किंवा त्या मॉनिटरबरोबरच येणारा पाया हा भाग आहे, असे म्हणायला आधार मिळतो. पण स्क्रीनवर चिकटवायची काच? तिच्याविना मॉनिटर अडत नाही. मग ती ८५२९ मध्ये बसवता येत नाही. तिची ओळख ती ज्या पदार्थाची बनली आहे त्यावरून शोधावी लागते.

म्हणून एकाच पेटीतल्या वस्तू पुस्तकात दूरदूर जाऊन बसतात:

– कडक केलेली म्हणजे टेम्पर्ड सुरक्षा काच: काचेच्या ७०व्या प्रकरणात, शीर्ष ७००७ मध्ये.
– चिकटणारी प्लॅस्टिकची फिल्म: प्लॅस्टिकच्या ३९व्या प्रकरणात, शीर्ष ३९१९ मध्ये.
– दोन्ही टोकांना पिना बसवलेली केबल: शीर्ष ८५४४ मध्ये.
– स्क्रीन पुसायचे कापड: कापडाच्या तयार वस्तूंमध्ये, शीर्ष ६३०७ मध्ये.
– वर लावायचा वेबकॅम: कॅमेऱ्यांच्या शीर्षात, ८५२५.
– बाजूचे स्पीकर: ८५१८ मध्ये.
– भिंतीवर टांगायचा धातूचा ब्रॅकेट: इथे वाद होऊ शकतो. धातूच्या ब्रॅकेटसाठी ८३०२ हे शीर्ष आहे. आयातदार तो मॉनिटरचा भाग म्हणेल, तर त्याला ते सिद्ध करावे लागेल.

पुरवठादार या सगळ्यावर 'कॉम्प्युटर ॲक्सेसरीज' असे एकच नाव टाकून एकच क्रमांक पाठवतो. ते नाव बाजाराचे आहे, कायद्याचे नाही.

भाग आणि जोडलेली वस्तू यातला फरक किती बारीक असतो, याचा एक दाखला मोबाईलचा आहे. मोबाईलच्या डिस्प्ले असेंब्लीवर तेव्हा १० टक्के सवलतीचे मूळ शुल्क होते. केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाने १८ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात स्पष्ट केले की असेंब्लीबरोबर फक्त मागची आधाराची चौकट असेल तर सवलत मिळेल. पण त्याच चौकटीला सिम ट्रे, पॉवरचे बटण, स्पीकरची जाळी असे काही जोडून आले तर १५ टक्के भरावे लागतील. डिस्प्ले तोच, पण बटण लावलेले आहे की नाही, यावर पाच टक्क्यांचा फरक.

जागा ठरवायचे नियम

अनुसूचीच्या सुरुवातीलाच अर्थ लावण्याचे सहा नियम दिले आहेत. ते क्रमाने लावायचे असतात. मधूनच सोयीचा नियम उचलता येत नाही.

पहिला नियम सर्वांत महत्त्वाचा: वस्तूची जागा शीर्षाच्या शब्दांवरून आणि विभाग व प्रकरणांच्या टिपांवरून ठरते. प्रकरणाचे नाव केवळ सोयीसाठी आहे. दुसरा नियम सांगतो की अपुरी किंवा सुटी करून आणलेली वस्तू तिचा मुख्य गुणधर्म राखत असेल तर ती पुऱ्या वस्तूसारखीच धरायची. म्हणजे मॉनिटर खोलून एकाच खेपेत सगळे तुकडे आणले आणि त्यांना 'भाग' म्हटले, तर ते चालेलच असे नाही. तिसरा नियम दोन शीर्षे लागू पडतील अशा वेळचा: नेमके वर्णन मोघम वर्णनावर मात करते, तेही ठरत नसेल तर संचाला मुख्य गुणधर्म देणारी वस्तू पाहायची, तरीही ठरत नसेल तर क्रमाने शेवटचे शीर्ष घ्यायचे. चौथा नियम सर्वांत जवळच्या वस्तूचा, पाचवा खोकी आणि वेष्टनांचा, सहावा उपशीर्षांचा.

न्हावा शेवाचा खटला

हे नियम कागदावरच राहत नाहीत, हे दाखवणारा खटला आपल्या जवळच्याच बंदरातला आहे. हेवलेट पॅकार्ड इंडिया सेल्स विरुद्ध सीमाशुल्क आयुक्त (आयात), न्हावा शेवा. सर्वोच्च न्यायालयाने १७ जानेवारी २०२३ रोजी त्याचा निकाल दिला.

वाद 'ऑल-इन-वन' कॉम्प्युटरचा होता. त्यात मॉनिटर आणि सीपीयू एकाच खोक्यात असतात. आयातदाराने तो ८४७१ ५० ०० मध्ये दाखवला होता. सीमाशुल्क विभागाचे म्हणणे असे की तो ८४७१ ३० १० मध्ये येतो. ८४७१ ३० हे उपशीर्ष दहा किलोपेक्षा जास्त वजन नसलेल्या, नेता-आणता येणाऱ्या म्हणजे 'पोर्टेबल' यंत्रांचे आहे. वजन दहा किलोच्या आत आहे, मग पोर्टेबलच, असा विभागाचा रोख होता.

न्यायालयाने ते मान्य केले नाही. वजन कमी असणे एवढ्याने वस्तू पोर्टेबल होत नाही. ती रोजच्या प्रवासात सहज नेता आली पाहिजे. तिचा आकार, नेण्यासाठी लागणारे संरक्षण, बाहेरच्या विजेवाचून चालण्याची सोय हे सगळे पाहावे लागते. ऑल-इन-वनला टेबल लागते, स्टँड लागतो आणि भिंतीतला प्लग लागतो. निकालातले आणखी दोन मुद्दे आपण लक्षात ठेवावेत. एक, आयातदाराने दाखवलेले शीर्ष चूक आहे असे विभाग म्हणत असेल, तर ते सिद्ध करण्याची जबाबदारी विभागाची. दोन, खालच्या अधिकाऱ्यांनी विकिपीडियासारख्या संकेतस्थळांचा भरपूर आधार घेतला होता. कोणीही लिहू शकेल अशा मजकुरावर कायद्याचे वाद सोडवताना विसंबू नये, असा इशारा न्यायालयाने दिला.

मोठ्या कंपनीकडे सर्वोच्च न्यायालयापर्यंत जायला पैसा होता, हे खरे. पण तिथे मिळालेले तत्त्व कॅम्प १ मधल्या दुकानदारालाही तितकेच लागू आहे.

फरक किती पैशांचा?

समजा, १,००,००० रुपयांचा माल आला. आयजीएसटी १८ टक्के आहे. मूळ सीमाशुल्क शून्य असेल तर एकूण १८,००० रुपये भरायचे. मूळ शुल्क १० टक्के असेल तर १०,००० रुपये, त्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार म्हणजे १,००० रुपये, आणि १,११,००० वर आयजीएसटी १९,९८० रुपये, एकूण ३०,९८०. मूळ शुल्क २० टक्के असेल तर याच हिशेबाने ४३,९६० रुपये. छोट्या दुकानदाराचा सगळा नफा या फरकात बुडतो.

दर अर्थसंकल्पात बदलतातही. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात शाळांमध्ये डिजिटल फळा म्हणून लावल्या जाणाऱ्या इंटरॲक्टिव्ह फ्लॅट पॅनलवरचे शुल्क १० वरून २० टक्के केले गेले. म्हणून मागच्या वर्षीच्या कागदावरून यंदाचा हिशेब करू नये. विभागाच्या आइसगेट या संकेतस्थळावर चालू दर पाहता येतो.

क्रमांकाला परवानगीही जोडलेली असते. ऑगस्ट २०२३ मध्ये विदेश व्यापार महासंचालनालयाने लॅपटॉप, टॅबलेट, ऑल-इन-वन कॉम्प्युटर आणि सर्व्हर यांच्या आयातीवर निर्बंध जाहीर केले. सुटा मॉनिटर त्या यादीत नव्हता. मॉनिटर आणि पॉवर ॲडाप्टर यांना मात्र भारतीय मानक ब्युरोची सक्तीची नोंदणी लागते. परदेशातले उपासक विहाराच्या अभ्यासिकेसाठी जुने मॉनिटर पाठवू म्हणतात, तेव्हाही आधी चौकशी करावी. वापरलेल्या इलेक्ट्रॉनिक मालाच्या आयातीवर घातक कचऱ्याचे २०१६ चे नियम आणि परकीय व्यापार धोरण या दोन्हींचे निर्बंध आहेत. भावना दानाची आहे, एवढ्यावरून परवानगी गृहीत धरू नये.

नाव तुमचे, माल दुसऱ्याचा

आता सर्वांत गंभीर गोष्ट. आयात करायला आयातदार-निर्यातदार कोड लागतो. पॅनकार्ड आणि बँक खाते असले की तो घरबसल्या मिळतो. ही सोय चांगली आहे, पण तिचा गैरवापरही होतो. गरीब वस्तीतल्या तरुणाला गाठायचे, काही हजार रुपये द्यायचे, त्याच्या कागदांवर कोड काढायचा आणि माल आपला आणायचा. महसूल गुप्तचर संचालनालयाच्या तपासांत असे नामधारी आयातदार वारंवार पुढे येतात.

२०११ पासून सीमाशुल्कात स्वयं-निर्धारण आहे. म्हणजे मालाचे वर्णन, क्रमांक आणि शुल्क आयातदाराने स्वतः जाहीर करायचे. 'मला एजंटने सही करायला सांगितली' हा बचाव तिथे फार टिकत नाही. साधी मागणी असेल तर दोन वर्षांपर्यंत आणि हेतुपुरस्सर खोटी माहिती दिल्याचा आरोप असेल तर पाच वर्षांपर्यंत मागे जाऊन नोटीस काढता येते. तोवर माल विकणारा निघून गेलेला असतो आणि नोटीस वस्तीतल्या पत्त्यावर येते. अशा नोटिसा मी घराघरांत वाचून दाखवल्या आहेत. आईला प्रश्न पडतो की ज्या पोराने समुद्र नीट पाहिला नाही, त्याने जहाजातून काय आणले?

आपल्या कार्यकर्त्यांनी हे वस्तीत सांगितले पाहिजे. पॅन, आधार, कोरी सही आणि मोबाईलवरचा ओटीपी कोणाच्याही आयातीसाठी द्यायचा नाही. दिले असतील तर कोडची स्थिती तपासून तो स्थगित करण्यासाठी अर्ज करायचा.

नोटीस आली तर

घाबरून गप्प बसू नये. नोटिशीला मुदतीत लेखी उत्तर द्यावे आणि प्रत्यक्ष सुनावणी मागावी. मालाचे खरे आणि पूर्ण वर्णन दिले होते पण क्रमांकाबाबत मतभेद आहे, की वर्णनच खोटे होते, हा फरक उत्तरात स्पष्ट मांडावा. नॉर्दर्न प्लॅस्टिक्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये म्हटले आहे की विशिष्ट वर्गीकरणाचा दावा करणे म्हणजे खोटी माहिती देणे नव्हे. म्हणून बिल ऑफ एंट्रीवर 'ॲक्सेसरी' असा मोघम शब्द न टाकता 'मॉनिटरसाठी टेम्पर्ड काच, अमुक आकार, इतके नग' असे लिहिणे हेच पहिले संरक्षण आहे.

आदेश विरोधात गेला तर ६० दिवसांत आयुक्तांकडे अपील आणि त्यापुढे अपील न्यायाधिकरण, ज्याचे खंडपीठ मुंबईत आहे. माल आणण्याआधीच शंका असेल तर मुंबईतल्या सीमाशुल्क अग्रिम निर्णय प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. त्याचे शुल्क १०,००० रुपये आहे. दोन-चार दुकानदारांनी एकत्र बसून प्रश्न तयार केला, तर पुढच्या वाटेचा अंदाज सगळ्यांनाच येतो.

आपल्याला याचे काय?

कोणत्या खान्यात नाव लिहिले जाते यावर आयुष्य कसे फिरते, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको. १९५६ मध्ये धम्म स्वीकारलेल्यांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत जागा मिळायला १९९० उजाडावे लागले. दाखल्यावरच्या एका शब्दासाठी आपल्या आधीच्या पिढीने ३४ वर्षे अर्ज, मोर्चे आणि निवेदने केली. माणसाचे वर्गीकरण आणि काचेचे वर्गीकरण यांची बरोबरी होऊ शकत नाही. पण यादी कोण लिहितो, तिचा अर्थ कोण लावतो आणि चूक सिद्ध करण्याचे ओझे कोणावर, हे प्रश्न दोन्हीकडे तेच आहेत.

बाबासाहेबांनी कोलंबियातील एम.ए.साठी १९१५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या प्रशासन आणि वित्तव्यवस्थेचा अभ्यास केला होता. राज्यकर्ता पैसा कुठून काढतो आणि कशावर खर्च करतो, हे पाहिल्यावाचून त्याची सत्ता कळत नाही, हे त्यांनी विद्यार्थिदशेतच हेरले होते. पुढे राज्यघटनेच्या अनुच्छेद २६५ मध्ये आले की कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर लावता किंवा वसूल करता येणार नाही. न्हावा शेवाच्या अधिकाऱ्याला म्हणूनच शीर्षाचे शब्द दाखवावे लागतात.

यात रोजगारही आहे. सीमाशुल्क दलालाच्या परीक्षेत वर्गीकरण हा मुख्य विषय असतो. पदवी आणि जी-कार्डधारक म्हणून किमान दोन वर्षांचा अनुभव असलेल्याला त्या परीक्षेला बसता येते. भिवंडीच्या गोदामांत पेट्या उचलणाऱ्या आपल्या पदवीधर मुलांना त्याच पेट्यांचे कागद हाताळण्याचे काम करता येईल. स्पर्धा परीक्षांची पुस्तके असलेल्या प्रत्येक अभ्यासिकेत सीमाशुल्क दराची एक प्रत ठेवावी. महिन्यातून एका रविवारी वंदनेनंतर दुकानदार, वाणिज्य शाखेचे विद्यार्थी आणि एखादा वकील यांनी एकत्र बसावे. दुकानातली एक वस्तू टेबलावर ठेवावी आणि पुस्तक उघडून तिचे शीर्ष शोधावे. सुरुवात टेम्पर्ड ग्लासपासून करायला हरकत नाही.

जय भीम. नमो बुद्धाय.